कंड्युट पाइपला बाक देताना: खूण, बेंड आणि बसवणी

लोखंडी कंड्युट पाइपचा, म्हणजे वायरिंग ज्याच्या आतून जातं त्या नळीचा, बेंड छान गोल निघतो, पण तुकडा भिंतीला लावला की त्याचं तोंड वायरिंगच्या बॉक्सच्या भोकापासून दोन बोटं वर नाहीतर खाली येतं. मग कोणी जोर लावून पाइप ओढून बसवतं आणि चार दिवसांनी सॅडलचे (पाइप भिंतीला धरणाऱ्या पट्टीचे) स्क्रू भिंतीतून बाहेर येतात. कोणी मधे कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) घालून ठिगळ लावतं. चूक वाकवण्यात झाली असं सगळ्यांना वाटतं. खरं तर ती बहुतेक वेळा त्याच्या आधी, पाइपवर खूण करताना झालेली असते. म्हणून इथे वाकवण्यापेक्षा मापाला जास्त जागा दिली आहे.

गिरगाव, परळ, दादर भागातल्या जुन्या इमारतींत भिंतीच भार पेलतात. तिथे झिरी मारण्यापेक्षा पाइप उघडा, भिंतीवरून नेणं केव्हाही चांगलं. नव्या फ्लॅटमध्येही उघड्या पाइपचं काम आवडीने करून घेणारे आहेत. पुढचं सगळं अशा उघड्या कामासाठी, आणि २० व २५ मिमीच्या पाइपसाठी आहे.

आधी हे वाचा: पाइप वाकवणं आणि भिंतीवर बसवणं घरच्या माणसाला जमण्यासारखं आहे. वायर ओढणं, जोडण्या करणं आणि टेस्टिंग मात्र परवानाधारक कंत्राटदाराच्या वायरमनकडूनच करून घ्या. नियमही तेच सांगतो. त्याला कामाच्या शेवटी नाही, सुरुवातीला बोलवा आणि पाइपचा मार्ग दाखवून घ्या. जुन्या वायरिंगशेजारी भोकं पाडायची असतील तर मेन स्विच बंद करा आणि टेस्टरवर विसंबून न राहता मल्टिमीटर लावून खात्री करा.

## १. पाइप आणि बेंडर एकमेकांचे आहेत का

इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात.

कंड्युटचा आकार बाहेरच्या व्यासाने सांगतात. २० मिमीचा कंड्युट म्हणजे बाहेरून २० मिमी. पाण्याच्या पाइपचं तसं नाही. अर्ध्या इंचाचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप बाहेरून २१ मिमीच्या थोडा वर भरतो. प्लंबरचा अर्ध्या इंचाचा बेंडर उसना आणून त्यात २० मिमीचा कंड्युट टाकला, तर तो खाचेत सैल बसतो आणि वाकताना बाजूंनी आधार न मिळाल्याने चपटा होतो. ऑनलाइन मिळणारे अमेरिकी मापाचे हातबेंडर याहून फसवे. त्यांच्यावर अर्धा इंच लिहिलेलं असतं, पण ती खाच सुमारे १८ मिमीच्या पातळ पाइपची असते. २० मिमीचा पाइप तिच्यात शिरत नाही, आणि पाऊण इंचाच्या खाचेत खुळखुळतो.

म्हणून आधी पाइप घ्या, त्याचा हातभर तुकडा पिशवीत टाका आणि बेंडर बघायला जा. इलेक्ट्रिकचा माल लोहार चाळीत आणि हत्यारं नागदेवी स्ट्रीटवर, दोन्ही एकाच फेरीत होतं. तुकडा खाचेत ठेवून हलवून बघा. तो बाजूंना घट्ट टेकला पाहिजे.

पाइप आयएस ९५३७ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, १६ गेजचा, म्हणजे १.६ मिमी जाडीचा घ्या. काळा रंगवलेला पाइप स्वस्त पडतो, पण मुंबईच्या हवेत, त्यातही समुद्राकडच्या खोलीत किंवा गॅलरीत, जीआयच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. घेताना पाइपच्या आत बघा. शिवणीचा वितळलेला धातू आत धारेसारखा उभा असेल तर ती लांबी परत करा, कारण पुढे वायरीचं आवरण तीच धार सोलते.

२० मिमीचा १६ गेजचा पाइप हातबेंडरने वाकतो, पण अंगाची ताकद लागते. २५ मिमीसाठी स्टँडवरचं बेंडिंग मशीन भाड्याने आणा किंवा फॅब्रिकेशनवाल्याच्या वाइसशेजारी जाऊन काम करा. पीव्हीसी पाइपमध्ये घालतात ती स्प्रिंग लोखंडी पाइपसाठी नाही. ती आत अडकते आणि तुकड्यासकट जाते. पाइप तापवूनही वाकवू नका. जस्ताचा मुलामा जळून त्याचा धूर छातीत जातो, आणि तो भाग पहिल्याच पावसाळ्यात गंजतो.

बाकीचं सामान: मिलिमीटरचा टेप, बारीक टोकाचा मार्कर, गुण्या, ओळंबा, स्पिरिट लेव्हल, ३२ दाती पात्याची करवत, गोल कानस, कोन मोजण्यासाठी फोनमधलं लेव्हलचं ॲप, आणि हातभर लांबीचा सरळ लोखंडी एल अँगल. टेपवरच्या इंच-सुताच्या बाजूकडे पूर्ण कामभर बघू नका. एक माप इंचात आणि एक मिलिमीटरमध्ये घेतलं की तुकडा चुकलाच.

## २. भिंतीवर रेघ, मग पाइपवर खूण

१. सगळे बॉक्स आधी पक्के बसवा. बॉक्स नंतर बसवू म्हणून पाइप वाकवायला घेतला, तर माप कशापासून घेणार?

२. रंगाच्या दोरीने पाइपच्या मध्याची रेघ भिंतीवर मारा. उभ्या रेघा ओळंब्याने, आडव्या लेव्हलने. जुन्या खोल्यांत छत आणि जमीन क्वचितच समपातळीत असतात, त्यामुळे छतापासून सारखं अंतर मोजून रेघ मारू नका.

३. सॅडल आत्ताच ठरवा. बेस असलेलं सॅडल पाइप भिंतीपासून थोडा उचलून धरतं. बेसची उंची अशी निवडा की पाइप बॉक्सच्या भोकात सरळ शिरेल. असं जमलं तर प्रत्येक बॉक्सपाशी द्यावा लागणारा छोटा ऑफसेट (उलटसुलट दोन बाक देऊन पाइप उचलणं) वाचतो, आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त छळणारा बेंड तोच असतो.

४. बेंड मोजा. दोन बॉक्सच्या मधे नव्वदचे चार बेंड ही कमाल मर्यादा मानतात, म्हणजे सगळे कोन मिळून ३६० अंश. ऑफसेटचे कोनही त्यात धरायचे. मी स्वतः तीनच्या पुढे जाऊ देत नाही. तिसऱ्यानंतर वायर ओढताना जो जोर लागतो, त्यात आवरण खरवडतं आणि ते बाहेरून दिसत नाही. जास्त बेंड होत असतील तर मधे तपासणीचं झाकण असलेला बॉक्स घ्या.

तपासा: रेघेवर कुठे पाण्याचा पाइप, तुळई, खिडकीची चौकट येते ते मार्करने भिंतीवरच लिहून ठेवा, उंचीच्या आकड्यासकट.

## ३. तुमच्या बेंडरचे दोन आकडे

ही पायरी लोक टाळतात, आणि पुढचं सगळं गणित हिच्यावर उभं आहे.

पाइप कोपऱ्यात काटकोनात वळत नाही, तो गोलाईने वळतो. त्यामुळे खूण जिथे केली तिथे बेंडची पाठ येत नाही. किती पुढे येते ते बेंडरच्या गोलाईवर ठरतं. दुसऱ्याच्या बेंडरचा आकडा, व्हिडिओतला आकडा, डब्यावरचा आकडा, यांतला एकही तुमच्या पाइपला लागू होईलच असं नाही. एक तुकडा खर्ची घाला आणि आकडा स्वतः काढा.

१. बरोबर ६०० मिमीचा तुकडा कापा. एका टोकापासून ३०० वर पूर्ण गोल फिरणारी खूण करा. या टोकाला आखूड पाय म्हणू.

२. बेंडरवरची एक जागा कायमची ठरवा. हुकाची कड किंवा कोरलेला बाण, कोणतीही चालेल. तिच्यावर रंगाचा ठिपका द्या, आणि पूर्ण काम होईपर्यंत ती बदलू नका. बाणाचं तोंड नेहमी आखूड पायाकडे.

३. खूण त्या जागेशी जुळवून नव्वदचा बेंड काढा.

४. तुकडा गुण्यात धरा. आखूड पायाचं टोक ते बेंडची बाहेरची पाठ हे अंतर मोजा. समजा ४२५ आलं. ४२५ वजा ३०० म्हणजे १२५. हा पहिला आकडा, वजावट.

५. आता दुसऱ्या पायाचं टोक ते बाहेरची पाठ मोजा. समजा २३० आलं. दोन्ही पायांची बेरीज ६५५, पाइप मात्र ६०० चाच होता. हे ५५ मिमी म्हणजे दुसरा आकडा, बचत. बेंडच्या गोलाईमुळे एवढा पाइप कमी लागतो.

१२५ आणि ५५ हे माझे उदाहरणाचे आकडे आहेत. तुमचे जे निघतील ते बेंडरच्या दांड्यावर पक्क्या मार्करने लिहा. २५ मिमीचे वेगळे काढा.

त्याच तुकड्यावर आणखी दोन गोष्टी बघा. बेंडची गोलाई ७.५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा कमी नको. आणि बेंडच्या मध्यावर पाइपचा बाहेरचा व्यास मोजा. २० मिमीचा पाइप तिथे १८ च्या खाली गेला असेल, तर बेंडर आणि पाइप एकमेकांचे नाहीत. पुढे जाऊ नका.

## ४. नव्वदचा बेंड

समजा बॉक्सपासून वर जाऊन पाइप आडवा वळायचा आहे, आणि बॉक्सपासून आडव्या पाइपच्या बाहेरच्या पाठीपर्यंत ४०० मिमी अंतर आहे.

१. पाइप एल अँगलमध्ये ठेवा आणि अँगलच्या कडेला मार्कर टेकवून पाइपच्या लांबीभर एक सरळ रेघ ओढा. पाइप गोल असल्याने या रेघेशिवाय तो हातात किती फिरला ते कळत नाही. दोन बेंड एकमेकांशी तिरके येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

२. ४०० वजा १२५ म्हणजे २७५. टोकापासून २७५ वर खूण. खूण पूर्ण गोल करा, नुसता ठिपका नको.

३. पाइपची शिवण शोधा. बोटाने लागते, नाहीतर पाइपच्या तोंडातून दिसते. ती बेंडच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला येऊ देऊ नका, कुशीला ठेवा. बाहेर आली तर ताणली जाऊन उकलू शकते.

४. जमिनीवर प्लायवूडचा जाड तुकडा टाका. लादीवर थेट वाकवलं की लादी तडकते आणि पाइप घसरतो.

५. खूण जुळवा, बेंडरच्या टाचेवर पाय रोवा आणि अंगाचा भार पायावर टाका. हाताचं काम दांड्याला दिशा देण्याचं. पाय ढिला पडला आणि जोर नुसता दांड्यावर आला, की पाइप बेंडरच्या खाचेतून उचलला जातो आणि तिथेच मोडल्यासारखी घडी पडते. ही घडी ठोकून निघत नाही. तो तुकडा सरळ कामाला वापरा.

६. एका दमात वाकवा, पण झटका देऊ नका. नव्वदच्या दोन-तीन अंश पुढे न्या, कारण सोडल्यावर पाइप थोडा मागे येतो. किती मागे येतो ते चाचणीच्या तुकड्यावर बघितलेलं असेलच.

तपासा: बेंडरमधून काढण्याआधी गुण्या लावा. कमी पडला तर त्याच जागी आणखी वाकवता येतो. एकदा काढून पुन्हा लावला की जागा सरकते आणि बेंडला दोन कोपरे येतात. थोडा जास्त वाकला असेल तर बेंडरमध्येच धरून दांडा उलटा ढकला. एखाद-दुसरा अंश मागे येईल. सरळ करून पुन्हा वाकवण्याच्या फंदात मात्र पडू नका, मुलामा तडकतो.

### एकाच तुकड्यात दोन नव्वद

इथे बचतीचा आकडा लागतो. समजा दोन्ही पाय ३००, आणि मधलं अंतर पाठीपासून पाठीपर्यंत ९००. एकूण १५००. दोन बेंडची बचत ११०. म्हणजे पाइप १३९० चा कापा. आता दोन्ही टोकांपासून ३०० वजा १२५, म्हणजे १७५ वर खुणा करा. दोन्ही खुणा वाकवण्याआधीच करून घ्या. प्रत्येक बेंडला बाण आपापल्या टोकाकडे, आणि लांबीभरची रेघ दोन्ही वेळा एकाच बाजूला. या पद्धतीत पहिल्या बेंडची बारीकशी चूक दुसऱ्यात जात नाही, म्हणून मला हीच आवडते.

## ५. ऑफसेट

तुळई भिंतीच्या पुढे आलेली असते आणि पाइप तिच्या अंगावर चढवायचा असतो. त्यासाठी सारख्या कोनाचे, उलट दिशांचे दोन बाक लागतात. दोन गोष्टी कळल्या पाहिजेत: दोन खुणांत अंतर किती, आणि पहिली खूण कुठे.

खुणांमधलं अंतर म्हणजे उंची गुणिले एक ठरलेला आकडा. ४५ अंशाला १.४, ३० अंशाला २, साडेबावीसला २.६. चढताना पाइपची लांबी तिरकी खर्च होते, म्हणून तो थोडा आखूड पडतो. उंचीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे ३० अंशाला ०.२७, ४५ ला ०.४१, साडेबावीसला ०.२.

३० अंश धरा आणि बाकीचे विसरा. दुप्पट करणं तोंडी होतं, आणि वायरही सहज सरकते. ४५ फक्त जागा नसेल तेव्हा.

उदाहरण. बॉक्सपासून तुळईची कड ८०० वर, चढायची उंची ६०.

१. ६० गुणिले ०.२७, म्हणजे १६. पहिली खूण ८१६ वर.

२. ६० ची दुप्पट १२०. दुसरी खूण बॉक्सच्या बाजूला मागे, ६९६ वर.

३. लांबीभरची रेघ ओढलेली आहे ना, बघा. ऑफसेटमध्ये तिच्याशिवाय काम नाही.

४. पहिल्या खुणेवर ३० अंश. फोन पाइपवर ठेवून कोन बघा.

५. बेंडरचं तोंड न बदलता पाइप दुसऱ्या खुणेपर्यंत सरकवा, अर्धा फेरा फिरवा, रेघ बरोबर उलट बाजूला आणा आणि पुन्हा ३० अंश.

तपासा: तुकडा सपाट लादीवर ठेवा. तो डुगडुगला तर दोन बाक एका पातळीत नाहीत. किंचितच तिरके असतील तर एक टोक वाइसमध्ये धरून पिळून सरळ होतं. जास्त असेल तर नवा तुकडा घ्या. दोन्ही टोकं समांतर नसतील तर कोन सारखे नाहीत. कमी पडलेला बाक थोडा वाढवा.

लोक सगळ्यात जास्त विसरतात ते हे १६ मिमी. ऑफसेट दिसायला सुरेख, पण सगळा तुळईच्या अलीकडे पडलेला, असं दिसलं तर गफलत हीच.

## ६. आडव्या आलेल्या पाइपवरून जाताना

मोरीच्या भिंतीवरून पाण्याचा पाइप जातो आणि कंड्युटला त्याच्यावरून जाऊन पुन्हा भिंतीवर यावं लागतं. इथे तीन बाक: मधला ४५, दोन्ही बाजूंचे साडेबावीस.

उंची ४० धरा, म्हणजे पाइपचा व्यास आणि वर थोडी मोकळी जागा. बाजूच्या खुणा मधल्या खुणेपासून उंचीच्या अडीच पट, म्हणजे १०० वर. मधली खूण आडव्या पाइपच्या मध्यापर्यंतच्या अंतरात उंचीचा पाचवा भाग, म्हणजे ८ मिळवून करा. आधी मधला बाक काढा, मग पाइप उलटून बाजूचे. मधला बाक काढताना बेंडरवरची नेहमीची जागा चालत नाही, ४५ च्या बाकाचा मध्य जुळवावा लागतो. बेंडरवर तशी खूण नसेल तर टाकाऊ तुकड्यावर ४५ वाकवा, बाकाचा मध्य बघा आणि ती जागा बेंडरवर वेगळ्या रंगाने लिहा.

मार्ग थोडा सरकवून हा बेंड टाळता येत असेल तर टाळा. पाण्याच्या पाइपपासून जितकं लांब तितकं बरं.

## ७. कापणं, कड आणि आटे

एकच नव्वदचा बेंड असेल तर लांब पाय नंतर कापा. थोडा जास्त ठेवलेला पाइप कापता येतो, कमी पडलेला वाढत नाही. आटे पाडायचे असतील तर बेंडपासून पुरेसा सरळ भाग हवा, नाहीतर आटे पाडणाऱ्या डायचे दांडे वाकलेल्या पायाला अडतात. कारखान्याचे आटे असलेलं टोक बेंडरच्या खाचेत येऊ देऊ नका, चेपलेल्या आट्यांवर कपलर चढत नाही.

करवत चालवताना पाइप वाइसमध्ये धरा आणि काप गुण्यात ठेवा. कापून झाल्यावर आतली कड गोल कानशीने घासा. मग करंगळी आत फिरवून बघण्याचा मोह आवरा, ती कापते. कापसाचा बोळा आतल्या कडेवरून फिरवा. एकही तंतू अडकला तर अजून घासायचं आहे. घाईत हीच पायरी गळते, आणि पुढे पाइपला करंट उतरतो त्याचं एक कारण ही न घासलेली कड असते. कापलेल्या टोकांवर आणि ओरखड्यांवर लगेच झिंक प्रायमर लावा, आट्यांवर नको.

## ८. बसवणी आणि अर्थिंग

सॅडल सरळ भागात जास्तीत जास्त मीटरभर अंतरावर, आणि प्रत्येक बेंड, कपलर व बॉक्सच्या दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटरच्या आत. आधी सगळी सॅडल सैल लावा, पाइप बॉक्समध्ये शिरवा, मगच आवळा. पाइप हाताने दाबल्याशिवाय बॉक्सच्या भोकात येत नसेल तर थांबा आणि तुकडा पुन्हा करा. ताणून बसवलेला पाइप आटे ढिले करत राहतो.

बॉक्सच्या आतल्या तोंडावर बुश (वायरीला धार लागू न देणारी गुळगुळीत कडी) लागलाच पाहिजे. भोकाजवळचा रंग खरवडून धातूला धातू टेकू द्या आणि चेकनट (पाइपच्या आट्यांवरचा पातळ नट) दोन्ही बाजूंनी आवळा. लोखंडी पाइप म्हणजे हात लागेल असा धातू, त्यामुळे तो पूर्ण लांबीभर अर्थ झालेला असावा लागतो. नुसत्या पाइपच्या भरवशावर न राहता आतून हिरवी अर्थ वायरही न्या. एका सर्किटचा फेज आणि न्यूट्रल एकाच लोखंडी पाइपातून गेला पाहिजे. वेगवेगळ्या पाइपांतून नेला तर पाइप तापतो.

## ९. वायर ओढण्याआधी

१. मजबूत दोरीला पाइपच्या आतल्या व्यासापेक्षा थोडा लहान कापडी बोळा बांधून एका बॉक्सपासून दुसऱ्यापर्यंत ओढा. आतला भुगा आणि तेल निघून येतं. बोळा अडला तर बेंड चेपलेला आहे, फाटून आला तर कुठेतरी कड राहिली आहे.

२. मल्टिमीटरने पहिल्या बॉक्सपासून शेवटच्या बॉक्सपर्यंत पाइपची सलगता बघा. आकडा हलत असेल तर एखादा चेकनट सैल आहे.

३. बेंड असलेल्या २० मिमी पाइपात २.५ चौरस मिमीच्या तीनपेक्षा जास्त वायरी घालू नका. एसीच्या ४ चौरस मिमीच्या लाइनसाठी २५ मिमीचाच पाइप घ्या.

४. वायर ओढून झाली की वायरमनला ५०० व्होल्टच्या मेगर नावाच्या मीटरने वायरींचं इन्सुलेशन तपासायला सांगा, जोडण्या करण्याआधी. वायर आणि अर्थ यांच्यात एक मेगाओहमपेक्षा कमी आला तर ती वायर बाहेर काढायची, तिच्यावर टेप गुंडाळून पुन्हा आत सारायची नाही. पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) आहे ना, तेही त्याच दिवशी बटण दाबून बघा.

गॅलरीतून किंवा बाहेरच्या भिंतीवरून जाणाऱ्या पाइपला पावसाळ्यात आतून दव धरतं. असा पाइप खोलीत शिरण्याआधी बाहेरच्या बॉक्सकडे किंचित उतरता ठेवा, आणि त्या बॉक्सच्या तळाला ५ मिमीचं भोक पाडून त्याच्या कडेला प्रायमर लावा.